टाचण

सोमवारच्या टाचणात मी लिहिलं होतं:
उभ्या रेघा, आडव्या रेघा, तिरप्या रेघा.
घोळवे गुरुजींची सही झाली.
घाटावरून कोरडा वारा आला,
आणि खडू फळ्याला टेकायच्या आधीच
दुर्वानं विचारलं,
"बाई, तुमच्या घरी कोण कोण ऱ्हातंय?"

रेघा राहिल्या.

पहिलीची एकवीस लेकरं.
अंगणवाडीतून इथवर फक्त दोन पायऱ्या चढून आलेली,
पण त्या दोन पायऱ्यांचा तोरा केवढा.
धाकटी बहीण दारात दिसली की
मंथन ओरडतो,
"हाकला तिला, ही मोठ्यांची शाळा हाय."

मी माझं म्हणते, ती मपलं म्हणतात.
मपली पाटी. मपला डबा. तुपलं नाक गळायलंय.
पुस्तकात मपलं नाही.
दुरुस्त करायला तोंड उघडलं
आणि आठवलं, माझी आई अजून
फोनवर विचारते, "तुपलं बरं हाय ना?"
मिटलं तोंड.

मंगळवारी माझी केंद्रावर मीटिंग.
चौथीच्या कार्तिकीनं वर्ग सांभाळला.
काय शिकवलंस, विचारलं तर म्हणाली,
"गप बसायचं."
बुधवारी सकाळी बघते तर
सगळ्यांची हाताची घडी, तोंडावर बोट.
ते बोट काढायला
मला जेवणाची सुट्टी होईतो वेळ लागला.

हजर म्हणायला आता सगळ्यांना येतं.
स्वतःच्या नावाला येतं, शेजारच्याच्याही येतं.
अलिना आली नव्हती
तर तिच्या नावाला तिघं ओरडले, "हजर!"
"अरे, कुठंय ती?"
"घरी हजर हाय, बाई."
मी लाल पेननं गै लिहिला.
दुर्वाला अजून ग येत नाही, मात्रा तर नाहीच,
तरी टेबलाशी येऊन, टाचा उंच करून म्हणाली,
"खोडा ते."

सीताफळाच्या बिया मोजायच्या होत्या,
दहा-दहाचे ढीग.
धनराजच्या ढिगात नऊ.
"एक कुठं गेली?"
"पेरली."
खरंच, नळाशेजारी बोटभर खड्डा,
वरून माती थापटलेली,
भोवती खडूच्या तुकड्यांचं कुंपण.
दहातून एक गेली की नऊ, हे मला शिकवायचं होतं.
मातीत गेलेली एक कोणत्या रकान्यात धरायची
ते निष्पत्तीच्या यादीत शोधलं,
सापडलं नाही.

हाच धनराज. तांड्यावरून येतो.
तक्त्यावर आ, शेजारी पदर घेतलेली बाई.
बाकीचा वर्ग एका दमात: आ आईचा!
धनराज चित्राकडं निरखून बघतो
आणि खात्रीनं सांगतो, "याडी."
सगळे हसले. तोही हसला,
त्याला वाटलं, बरोबर आलं म्हणून हसतायत.

आलंच होतं की.

य अजून लांब होता, दिवाळीच्या आसपास यायचा होता.
आधीच बोलावून घेतला.
फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: याडी.
एकेकानं येऊन बोटानं गिरवलं,
बोटं पांढरी, मग चड्ड्या पांढऱ्या.
शुक्रवारी फळा पुसायची पाळी धनराजची.
त्यानं सगळा पुसला, तेवढा कोपरा सोडून.
घोळवे गुरुजी दारात थांबले. "हे काय?"
दुर्वा उभी राहिली.
"बाईला येत नव्हतं, गुरुजी. आम्ही शिकवलं."

शनिवारी शाळा सकाळची.
सुटायच्या वेळेला मंथन
बहिणीला बखोटीला धरून दोन पायऱ्या वर घेऊन आला,
शेवटच्या पट्टीवर बसवलं,
तिच्या तोंडावर तिचंच बोट ठेवलं.
ती बोट चोखत बसली.

पुढच्या सोमवारचं टाचण लिहायला घेतलंय:
उभ्या रेघा, आडव्या रेघा.
सगळे गेल्यावर ऐकू येतंय,
नळाची तोटी रोज कुणीतरी
पक्की बंद करत नाही.
थेंब नेमका त्या कुंपणात पडतो.
या गावात पाण्यावरून मी लेकरांना किती बोलते.
हे मात्र
कुणाला विचारलं नाही.